आप्पांच्या म्हाताऱ्याची मान

इंदूर, श्रावणातला कुठलासा बुधवार

प्रिय बाळ्या,

तुझे मेसेज वाचतो, निवांत लिहू म्हणून ठेवतो आणि तो निवांतपणा काही उगवत नाही. दिवाळीपासून गप्प आहे. शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. तब्येत ठीक. साखर आहे तेवढीच, गुडघे आहेत तिथेच. हिचंही बरं.

आता मुद्दा. आप्पांच्या म्हाताऱ्याची मान बारीक झाली.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, निवडुंगच ना? म्हणून तुला लिहितोय. खालचा खांब तसाच आहे, मनगटाहून जाड, पांढऱ्या केसांत गुरफटलेला. आणि वर बोटभर नवी वाढ: हिरवट, निमुळती, केस विरळ. वाड्याच्या गच्चीवर त्याचे केस इतके दाट होते की आप्पा जुना कंगवा घेऊन बसायचे आणि माई आतून ओरडायच्या, "माझ्या डोक्याकडे कधी बघितलंत का?"

इथे गॅलरी उत्तरेला. गच्चीवर सोसायटीने सोलर पॅनल बसवलेत आणि दाराला कुलूप. म्हणजे ऊन पॅनलला, पॅनलातून वीज, विजेतून दिवा आणि दिव्यातून म्हाताऱ्याला ऊन, असा प्रवास आता करायचा. आप्पा पोट धरून हसले असते. आवारात ठेवायची सोय नाही, पावसात मूळ कुजेल.

तू म्हणशील, मँचेस्टरला वर्षभर ढगच असतात, रडतोस काय! पण भिया, तुझ्याकडे अंधार थंडीला बरोबर घेऊन येतो. कोरडं ठेवून १० अंशांच्या आसपास गार जागा दिली की बहुतेक निवडुंग झोपतात. वाढत नाहीत, प्रकाशही मागत नाहीत. आमच्याकडे अंधार येतो तो २७ अंशांत. हवा दमट, झाड टक्क जागं. ते वाढणारच, आणि प्रकाश नसेल तर नुसतं उंच वाढणार. पाणी जूनमध्येच तोडलंय, तरी पठ्ठ्या अंगातल्या साठ्यावर वर सरकतोय.

फोनवरच्या लक्समीटरला, म्हणजे उजेड मोजायच्या ॲपला, तू नाक मुरडशील, पण अंदाजाला पुरतो. ढगाळ दुपारी आवारात १५,००० लक्स, माझ्या खिडकीत ९००, ट्यूबखाली टेबलावर २५०. भर उन्हात आकडा लाखावर जातो, आणि म्हाताऱ्याचं मूळ गाव मेक्सिकोतल्या हिडाल्गोच्या दऱ्या. मला मात्र तीच खिडकी लख्ख वाटते, तिथे बसून पेपर वाचतो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे वर्गात पोरांना आयुष्यभर सांगितलं.

महाराणी रोडला दिवे बघून आलो. एकाने जांभळा दिवा लावून दाखवला. डब्यावर १००० वॅट, पाठीमागे बारीक अक्षरात १०० वॅट. विचारलं तर म्हणाला, "अंकल, वो तो पावर है, ये खपत है." तुझी आठवण आली, तू त्याला तिथेच ओहमचा नियम शिकवला असतास. ही म्हणाली, हा घरात लावलात तर खालचे लोक ऑर्केस्ट्रा बार समजून वर येतील. शिवाय पानं फक्त लाल-निळाच प्रकाश खातात हा समज जुना झाला. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच मोजून दाखवलं की हिरवाही बऱ्यापैकी कामाला येतो. जांभळ्यात झाडाचा खरा रंगही दिसत नाही, रोग पडला तरी कळणार नाही. तेव्हा साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या घेणार: चार फुटी, २० वॅटच्या. दोन ६५०० केल्विनच्या, निळसर उजेडाच्या, दोन ४००० च्या, जरा पिवळट, म्हणजे निळ्याने झाड आखूड राहील आणि लालही मिळेल.

एक पट्टी सुमारे २००० ल्युमेन. पांढऱ्या एलईडीचे ७० लक्स म्हणजे झाडाच्या कामाचा प्रकाश मोजायच्या मापात साधारण एक मायक्रोमोल धरलं, तर फूटभर रुंदीच्या फळीवर एका पट्टीचे जेमतेम ७५ पडतात, तेही काहीच वाया गेलं नाही तर. चार पट्ट्या लावून तीनशेच्या आतच. म्हाताऱ्याला ते पुरावेत असं मला वाटतं, तू तपासून सांग. आणि अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई, हे तुझं पालुपद इथे लावू नकोस. ते ठिपक्याएवढ्या दिव्याचं. लांब पट्टीच्या जवळ तो निम्म्याच्या आसपास उतरतो. होळकर कॉलेजच्या कँटीनमध्ये यावरून तू माझ्या समोशाची प्लेट उचलून नेली होतीस, आणि बरोबर मीच होतो. बोलायचंच तर आप्पांच्या रोपांवर शंभरचा बल्ब टांगून दोन रोपं भाजणारा कोण, तेही बोलू.

सुरुवातीला दीड फुटावर टांगेन, मग हळूहळू वीतभरावर आणेन. सावलीतल्या झाडाला एकदम उजेड दिला तर तेही भाजतं. टायमर १३ तासांचा. रात्री अंधारच, कारण निवडुंगांची पर्णरंध्रं रात्री उघडतात. तेव्हा कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्ल करून ठेवायचं आणि दिवसा दारं लावून वापरायचं. ८० वॅट, १३ तास, महिन्याला ३१ युनिट. ही म्हणते, दुसरा फ्रिज पोसतोय आपण. पोसू.

पण दिवा लावून पुढची वाढ सुधारेल. बारीक झालेली मान काही परत जाड होत नाही. म्हणजे दोन मार्ग. तशीच ठेवायची, वर पुन्हा जाड होईल आणि मध्ये कंबर कायम दिसेल. उद्या उंच झाला की तिथूनच मोडण्याची भीती. नाहीतर पाऊस संपल्यावर, हवा कोरडी झाली की मान कापायची. मग बाजूने फुटवे येतात, बहुधा एकाहून जास्त. एकच सरळ खांब राहणार नाही. वनस्पतिशास्त्रवाला म्हणून विचारशील तर कापावी. पण सुरी उचलवत नाही. वाडा विकताना तू सगळं वाटलंस, फक्त ही कुंडी माझ्या हातात दिलीस आणि काही बोलला नाहीस. आप्पा तुझे, तेव्हा तू सांग.

नीलूचं जमल्याचं कळलं, फार छान. मुलगा सेव खातो ना, तेवढं बघून घे. तुझं मोतीबिंदूचं काय झालं? वहिनींना नमस्कार. डिसेंबरात येणार असशील तर तिकीट काढण्याआधी कळव, मागच्यासारखं मुंबईहून फोन करू नकोस.

आणि कापायची की नाही, ते दसऱ्याच्या आत लिही. फोनवर नको, फोनवर तू "बघू" म्हणतोस.

तुझा,
दिग्या