वारं

बीड, २ फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

दिवाळीचं तुझं पत्र अजून टेबलावरच आहे, त्यावर चहाचे तीन गोल उमटलेत. शिव्या घाल, पण नंतर. शुगर बरी, गुडघे गुडघ्यांसारखे.

लकव्याच्या अभ्यासाची दुसरी फेरी आम्ही जानेवारीत ठेवली होती. आराखडा पुण्यात बसून झालेला. जीप गावात शिरली तर ओळीनं कुलपं, दारांना बोराटीची फांदी आडवी. जुलैत ज्यांचं बीपी मोजलं ती सगळी माणसं कारखान्यावर, ऊसतोडीला. सरूमावशी तेवढ्या नातवंडं सांभाळत मागं राहिलेल्या. "डाक्टर, पुसात गावात कोण ऱ्हातंय? म्हातारी न् कुत्री. इचारलं असतं तर सांगितलं असतं की." अरे, मी केजचा! माझा मामा मुकादम! मला कळायला नको?

पुढचं ऐक. फॉर्मवर प्रश्न होता, 'घरात कोणास पक्षाघात झाला आहे काय?' सगळीकडे 'नाही'. मावशी म्हणाल्या, "वारं गेलं का, असं इचारा." आणि बाजेवर पडलेल्या दिराकडं हात केला. उजवी मूठ मिटलेली, उघडतच नाही. आमच्या यादीत त्या घरापुढंही 'नाही'. मेसचे दगडूमामा आठवले. तेव्हा तू 'वारं गेलं' म्हणालास आणि मी सगळ्यांसमोर तुझी भाषा दुरुस्त केली होती. ते भांडण तू जिंकलास, जा. मिसळीचे पैसे मात्र विसर.

त्या तासाभरात मावशींनी जे सांगितलं ते आमच्या तीन बैठकांत निघालं नव्हतं. दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या दिल्या तर तिकडं कारखान्याजवळच्या झोपडीत, कोपीवर, पुढं काय? निघतानाच जास्तीच्या द्या. मोजायचं तर फडातनं बाया परतल्यावर, चुली पेटायच्या आधी. गडचिरोलीत डॉ. बंगांच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सातांतला साधारण एक लकव्याचा निघाला. तिथला दवाखानाही लोकांना विचारून झोपड्यांसारखा बांधलेला, नाव दंतेश्वरी देवीचं. ते बघून परतताना एसटीत काय फुशारक्या मारल्या होत्या आपण!

आता खरं दुखणं. नव्या प्रस्तावाला 'समाजातील भागीदार' लागतो. वरून निरोप आला, त्या बाईंची सही घेऊन टाका. प्रस्ताव इंग्रजीत, सगळं ठरलेलं, दुसरी फेरी पुन्हा जानेवारीतच! खर्चाच्या तक्त्यात माझ्या पगाराची वेगळी ओळ, मावशी कुठं, तर 'चहा-नाश्ता' या रकान्यात. मी अडून बसलो तर पैसे जातील आणि माझ्या टीममधल्या चार पोरी घरी बसतील. सही घेतली तर... आणि मावशी सही देतील रे, हसत देतील, चहाही पाजतील. तू म्हणायचास, आपण मोजून जाणारे पाहुणे. तेव्हा तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? बदलीचं काय? पिंकीला म्हणावं, काका बारावीचे मार्क विचारणार नाही.

सोमवारी सही पाठवायची आहे, त्याआधी फोन कर.

तुझा,
नाना

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता जुलैचे फॉर्म चाळले. मावशींचा सापडला: १७२/१०४. 'रुग्णास कळवले' हा रकाना कोरा. पहाटेच्या गाडीनं निघतोय.