‘लोंढे’ नव्हे, बोलावलेली माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातील पाणीटंचाईविषयी आपल्या अंकात छापून आलेल्या पत्रांमध्ये ‘बाहेरून येणारे लोंढे’ असा उल्लेख वारंवार वाचला. त्या शब्दाला माझी हरकत आहे. पुराचा लोंढा कोणी बोलावत नाही. या माणसांना मात्र बोलावले गेले होते.

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्यांची सुरुवात झाली, तेव्हापासून रत्नागिरी-साताऱ्याकडचे तरुण जॉबरच्या, म्हणजे गिरणीत कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने साच्यावर (मागावर) लागत आले आणि जॉबर बहुधा आपल्याच गावचे, भावकीतले हात आणत असे. पगार एकट्या गड्याचे भागेल इतकाच. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी शेती सांभाळत, आणि आजारी पडलेला किंवा थकलेला कामगार पुन्हा त्यांच्याच पदरी येई. उमेदीची वर्षे शहराला मिळाली, बालपण आणि म्हातारपण गावाने पोसले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत लोकसंख्या ८०,००० हून अधिक घटली होती, यात त्याच व्यवहाराची खूण दिसते.

१९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट आणि पुढे ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. माझे वडील १९७१ मध्ये संगमेश्वर तालुक्यातून येथे आले, तेव्हा एका खोलीत सहा जण पाळ्यांप्रमाणे झोपत. कारखान्याच्या शेडला पाणी आणि वीज होती, त्यात राबणाऱ्यांसाठी घरे नव्हती.

खाडीपलीकडे तर गाव न सोडताच माणसे विस्थापित झाली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ आले, ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि भातशेती, मिठागरांवर जगणारे आगरी-कोळी आपल्याच गावठाणात शेतीविना उरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग खुला झाला.

आता वागळे इस्टेटमधील अनेक शेड पाडून तेथे काचेच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्या बांधणारे मजूर पुन्हा पत्र्याच्या खोल्यांत राहतात. उद्योगाला जागा मंजूर करणाऱ्या आदेशातच तेथील कामगारांच्या घरांची आणि पाण्याची तरतूद बंधनकारक करावी, अशी शासनाला विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राने माणसांसाठी ‘लोंढे’ हा शब्द छापणे थांबवावे, ही आपणास विनंती.

आपला,
एक वाचक, सावरकरनगर, ठाणे