समुद्रात गाळ एकेका कणाने बसत नाही

महोदय,

पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीचे गढूळ पाणी पाहून ‘आपली काळी माती चालली समुद्रात’ अशी हळहळ भुसावळपासून प्रकाशापर्यंत ऐकू येते. हळहळ रास्त आहे. मात्र १९७२ पासून वाटेत उकाई धरण आहे आणि रेतीसारखा जाड गाळ त्या जलाशयातच राहतो. सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात जे पोहोचते, ती बहुतांशी अतिशय बारीक चिकणमाती. ‘जड कण आधी बसतात, हलके मागाहून’ हे शाळेतले उत्तर तिला लागू पडत नाही.

कण बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. ०.१ मिमीचा रेतीचा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला साधारण २ मिनिटे घेतो, ०.००२ मिमीचा चिकणमातीचा कण तेवढ्यालाच ३ दिवसांहून अधिक. या हिशेबाने १० मीटर खोल पाण्यात त्याला महिना लागेल, आणि समुद्र महिनाभर स्थिर राहत नाही. तरीही नदीमुखाशी चिखलाचे थर साचतात.

त्याचे कारण मीठ. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे क्षार मिसळले तरी सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हा भार झाकू लागतात. मग कण आदळले की चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. सूक्ष्म शेवाळांचा चिकट स्राव त्यांना आणखी धरून ठेवतो. पुंजक्यात माती थोडी, पाणीच जास्त. तरी आकारामुळे तो सुट्या कणाच्या शेकडो पट वेगाने उतरतो. घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा हेच घडते. तुरटीतल्या अॅल्युमिनियमवर तिप्पट भार असल्याने चिमूटभर पुरते. तुरटी विरघळेपर्यंत जोरात आणि नंतर पाच-सात मिनिटे अगदी सावकाश ढवळावे. जोर तसाच ठेवला तर जमलेले पुंजके फुटतात.

आखातात नेमकी हीच फोडाफोड चालते. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. त्या ओढीत पुंजके फुटतात, बसलेला थरही उचलला जातो. पाणी वळताना थोडा वेळ संथ होते तेवढ्यात काही बसते, पुढच्या ओढीला पुन्हा वर येते. भरती लहान असते त्या भांगाच्या दिवसांत ओढ मंदावते आणि तेव्हाच थर जरा टिकतो.

म्हणून माती परीक्षणातला कणांच्या आकाराचा आकडा समुद्राला लावू नये. तिथे सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून कण मुद्दाम सुटे करतात. समुद्रात ते जुळलेले असतात. नमुना पंपाने ओढला तरी पुंजके मोडतात. गाळणकागदावर वजन करताना तो ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला नाही, तर मागे राहिलेले १ मिलिलिटर समुद्राचे पाणीही ३५ मिलिग्रॅम मीठ सोडते आणि ते गाळ म्हणून मोजले जाते.

शिक्षकांना विनंती, हे वर्गात दाखवावे. कापडातून चाळलेली काळी माती अर्धा चमचा रात्रभर भिजवून १ लिटरच्या बाटलीत घाला. तशीच दुसरी बाटली ३५ ग्रॅम मीठ घालून तयार करा. दोन्ही दहा-बारा वेळा उलटसुलट करून ठेवा. पाणी पावसाचे किंवा आरओचे हवे. आपल्या बोअरचे जड पाणी घेतले तर त्यातल्या कॅल्शियमनेच पुंजके धरतात, दोन्ही बाटल्या सारख्याच निवळतात आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. मातीही जास्त घालू नये. दाटीत पुंजके एकमेकांना अडवतात. मिठाची बाटली एक-दोन तासांत वरून निवळू लागेल, दुसरी दुसऱ्या दिवशीही धूसर असेल. मिठाच्या बाटलीतला साका जाड पण सैल दिसेल. बाटली हलकेच तिरपी केली की तो वाहू लागतो. बंदराच्या वाटेतला गाळ उपसून आठवड्याभरात खड्डा पुन्हा भरतो, तो अशाच वाहत्या चिखलाने.

– एक विज्ञान शिक्षक, भुसावळ