क्षयरोगावरचे औषध आयसोनियाझिड निष्प्रभ का ठरते?

महोदय,

क्षयरोगावरच्या बातम्या 'अर्धवट गोळ्यांमुळे जंतू निर्ढावतात' इथेच थांबतात. जंतूंमधला पेरॉक्साइड मोडणारा विकर (एन्झाइम) ओळखण्याची कॅटलेज चाचणी शिकवताना मी त्यापुढचे सांगत असे. काचपट्टीवर जंतूंच्या वसाहतीचा ठिपका, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, लगेच फसफसते. (वसाहत लाकडी काडीने उचलावी. नायक्रोमची तारही बुडबुडे काढते आणि पोरे फसतात.)

आपल्या भक्षक पेशी जंतूंवर पेरॉक्साइडचाही मारा करतात. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमधले ऑक्सीआर प्रथिन तो ओळखते: त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन घटकांमध्ये गंधकाचा पूल जुळतो आणि कॅटजीसारखी (कॅटलेज विकर बनवणारी) संरक्षक जनुके चालू होतात. क्षयाच्या जंतूत ऑक्सीआरचे जनुक मोडलेलेच आहे. तिथे कॅटजीला आवरून धरते ते फ्युरए हे दुसरे प्रथिन.

गंमत म्हणजे 1952 पासून वापरात असलेले आयसोनियाझिड मुळात निष्क्रिय असते. त्याला कामाला लावतो जंतूचाच कॅटजी विकर! त्यात 315व्या जागी सेरिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आले, की औषध जागे होत नाही. पेरॉक्साइड मोडण्याचे काम मात्र बरेचसे चालू राहते. अर्धवट उपचार हा बदल घडवत नाहीत, आधीच बदललेल्या जंतूंना रान मोकळे करून देतात.

लाइन प्रोब या जनुकांतले बदल शोधणाऱ्या चाचणीच्या अहवालात कॅटजी आणि इनएचए (औषध ज्यावर घाव घालते त्या विकराचे जनुक) यांतले बदल वेगवेगळे दाखवतात. केवळ इनएचएतला बदल असेल तर डॉक्टर वाढीव डोसचा विचार करू शकतात. बातमीत एवढे तरी छापावे.

– निवृत्त प्राध्यापिका (सूक्ष्मजीवशास्त्र), सांगली