द्राक्षाचा सौदा कागदावर यावा

महोदय,

नाशिकच्या द्राक्षांविषयी दर हंगामात छापून येते ते बहुतेक निर्यातीचे. बागेच्या बांधावर जो सौदा होतो, त्याविषयी मला लिहायचे आहे.

ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षाची लागवड केली, असे सांगितले जाते. तेव्हापासून या वेलीने निफाड आणि दिंडोरी तालुक्यांचा सगळा व्यवहार स्वतःच्या वेळापत्रकाला बांधून घेतला. एप्रिलच्या खरडछाटणीपासून (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून वेलीची केलेली छाटणी) माल निघेपर्यंत औषधे, खते, मजुरी असा सगळा पैसा आधी जातो आणि येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून इथे कृषी सेवा केंद्राची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता, मुलीचे लग्न आणि मुलाची फी हे सारे ‘द्राक्षं निघाली की’ या एकाच वायद्यावर चालते. पेठ-सुरगाण्याकडची भात-नागलीची सुगी आटोपली की तिथली कुटुंबे विरळणी-डिपिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करण्याच्या आणि घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या कामाला इकडे उतरतात. त्यांचे वर्षही याच वायद्यावर उभे असते.

असे असूनही, ज्या सौद्यावर हे सगळे अवलंबून आहे तो बहुतेक ठिकाणी तोंडी होतो. लासलगावला कांद्याचा उघड लिलाव होतो, वजनाची पावती मिळते, घेणारा व्यापारी परवानाधारक असतो. भाव पडला तर उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत ठेवताही येतो. द्राक्षाला तेवढी सवड नाही. मण्यात साखर भरली की माल काढावाच लागतो, कारण एक अवकाळी सर आली तरी मणी तडकतात आणि हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्यातच २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तिथल्या विक्रीवर समितीचे नियंत्रण राहिले नाही. विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले याचे मी स्वागतच करतो, पण बांधावर येणारा माणूस कोण, कुठला, त्याची ऐपत किती, हे विचारणारे मात्र कोणी उरले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या दोन एकरांचा माल एका परप्रांतीय व्यापाऱ्याने घेतला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, पुढच्या तीन गाड्या उधारीवर भरल्या आणि त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. माझ्या हाती राहिला तो वहीचा फाडलेला अर्धा कागद: तारीख, क्रेटची संख्या, वजन आणि खाली वाचता न येणारी सही. त्या कागदावर तक्रार उभी राहिली नाही. बागेत कामाला असलेल्या सुरगाण्याच्या बाया बोचकी बांधून दोन दिवस शेडमध्ये हिशोबाची वाट पाहत बसल्या होत्या. पत्नीची पोत गहाण ठेवून मी त्यांची मजुरी भागवली, पण दुकानाची उधारी फिटायला पुढचे दोन हंगाम गेले. अशी घरे दर गावात सापडतील.

माझी मागणी साधी आहे. बांधावर द्राक्ष घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची बाजार समितीकडे नोंद व्हावी, त्याच्याकडून बँक हमी घ्यावी आणि नोंदणी क्रमांक, दर, वजन व पैसे देण्याची तारीख असलेली छापील सौदा पावती सक्तीची करावी. नोंद नसलेल्या माणसाला माल न देण्याचा ठराव ग्रामसभांनीही करावा. दोन रुपये जास्त भावाच्या मोहाने आपणच अनोळखी गाडी बागेत घेतो, हेही मान्य करायला हवे. ऑक्टोबरच्या गोडीछाटणीपूर्वी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपूर्वी हे ठरले, तर येत्या फेब्रुवारीतला पहिला सौदा या पावतीवर होऊ शकेल.

आपला,
एक द्राक्ष बागाईतदार,
ता. निफाड, जि. नाशिक