बेळगावपासून पुढे मी चालवते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथाबद्दल इतकं भरभरून बोलत होते, की मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. पन्नासच्या नव्या नोटेवर त्याचं चित्र आलं तेव्हापासून त्या रथाला जायचं म्हणत होतात ना बाबा? गेलात, आणि आईला स्वतः गाडी चालवत घेऊन गेलात. मला फार आनंद झालाय, हे आधी सांगते.

आता दुसरं. गुरुवारी दुपारच्या वंदे भारतनं मी बेळगावला येते आहे. तिकीट काढलंय, रजाही मंजूर झाली आहे. तुम्ही होस्पेटहून बेळगावपर्यंत निवांत या, रात्री तिथेच राहू, आणि शुक्रवारी बेळगाव ते पुणे गाडी मी चालवीन. दादालाही कळवलंय.

बाबा, लगेच कपाळाला आठी नको. तुमच्या चालवण्याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. मला गाडी तुम्हीच शिकवलीत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे तुम्ही माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलंत की आजही उतार लागला की तुमचाच आवाज ऐकू येतो. पण पहाटे चारला निघून एका दमात घर गाठायचा तुमचा बेत मी कागदावर मांडून पाहिला. साडेपाचशेहून जास्त किलोमीटर होतात. जेवणानंतरची दोन ते चारची वेळ, जेव्हा कुणाच्याही डोळ्यांवर झापड येते, तीच नेमकी निपाणी-कोल्हापूरच्या आसपास येते. पुढे कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम. कराडपाशी तर कुठला रस्ता कधी कुठे वळवलेला असेल, याचा नेम नसतो. आणि साताऱ्याला अंधार.

अंधाराचंच मला जास्त वाटतं. मोतीबिंदूला अजून घाई नाही म्हणाले डॉक्टर, पण रात्री गाडी चालवू नका, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. आई साक्षीला होती. समोरच्या दिव्यांची किरणं पसरून दिसतात, असं दिवाळीत तुम्हीच म्हणाला होतात. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तशा डोळ्यांनी नको. डिझेल वाचवायला ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलला टाकतात आणि मग ब्रेक लागत नाहीत. मागून असा ट्रक आला तर पुढचा माणूस कितीही जपून चालवत असो, काय करणार? मोठ्या काकांच्या वेळचं मी पुन्हा काढत नाही. तुम्हाला कळलं.

ड्रायव्हर पाठवता आला असता. पण कोल्हापूरच्या लग्नाच्या वेळेपासून तुम्हाला परका माणूस स्टिअरिंगवर चालत नाही, आणि मलाही तुम्हाला त्याच्या हाती सोपवायचं नव्हतं. शिवाय खरं सांगू? मला तुमच्याबरोबर तो रस्ता हवाय. लहानपणी आजोळहून परतताना खंबाटकीला अजून बोगदा नव्हता. घाट लागला की आई माझ्या हातावर आवळासुपारी ठेवायची, बाबा रेडिओ बंद करायचे आणि म्हणायचे, "चिमे, झोप. पुणं आलं की उठवतो." आईच्या मांडीवर डोकं, गाडीच्या छतावरून सरकणारे समोरच्या ट्रकचे दिवे. मला एकदाही भीती वाटली नाही. आता एकदा तुम्ही दोघं मागे बसा आणि खुशाल डुलक्या काढा.

बेळगावची खोली तळमजल्यावरची घेतली आहे, म्हणजे आईला जिने नकोत. कमोड आहे का, हात धरायला दांडी आहे का, हे दोनदा फोन करून विचारलं. रात्री साधं वरण-भात मिळेल, तेही सांगून ठेवलंय. आई, तुझी बसकी उशी मी घेऊन येते, हॉटेलच्या जाड उशीवर तुझी मान धरते. घरची काळजी नको. तुळशीला पाणी तुमचे जावई घालताहेत, आणि शनिवारसाठी दूधवाल्याला निरोप दिलाय.

आता नीट ऐका. गुरुवारी आठच्या आधी निघू नका. इन्सुलिन गाडीत ठेवून देवळात जायचं नाही. बंद गाडी तापते आणि औषध वाया जातं. थंड राहणारी पिशवी आईच्या खांद्यालाच असू दे. गदगला उतरा, नाश्ता करा. आईनं तासा-दीड तासानं पाच मिनिटं चाललंच पाहिजे, नाहीतर पाय सुजतात. बाबा, "जरा पुढे थांबू" म्हणायचं नाही, ती सांगेल तिथे थांबायचं. धारवाडला जेवा. पेढा एकच, दोघांत अर्धा अर्धा. बाकीचा डबा माझ्या हातात येऊ दे. ग्लुकोजची बिस्किटं मात्र समोरच्या कप्प्यात हवीत. चार-साडेचारपर्यंत बेळगावला पोहोचाल, आडवे व्हा. मी येईपर्यंत जेवायचं थांबू नका.

रागावलात तर रागवा, बाबा. स्टेशनवर मला घ्यायला मात्र येऊ नका, मी रिक्षानं येईन. शुक्रवारी सकाळी वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत शेजारच्या सीटवर तुम्हीच बसा, काही चुकलं तर बोला. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊ, जेवू, आणि उजेडात घरी.

हत्तरगीपासून खेड-शिवापूरपर्यंतच्या टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे भरलेत, तुम्ही पुन्हा भरू नका. आई, गुडघ्याचं मलम संपलं असेल तर बुधवारी रात्रीपर्यंत कळव, म्हणजे इथूनच घेऊन निघेन.

तुमची,
चिमी