चाळिसाव्या पानावर अडकलेल्या मुलीस

चि. मनू हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग ओशाळले. हसले ते या वाक्याला: 'आई, पाण्याच्या अर्थशास्त्राचं पाचशे साठ पानांचं पुस्तक आहे आणि मी तिसऱ्यांदा चाळिसाव्या पानावर मेले.' ओशाळले अशासाठी, की सारा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेल्या बाईच्या पोटच्या पोरीला असलं पुस्तक कुठून उघडायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. परक्या पोरांना सांगत बसले, घरचं राहून गेलं.

'माझं डोकं चालत नाही' हे मात्र खोडून टाक. पुढे तू काय लिहिलंयस ते स्वतःच वाच: 'लेखक म्हणतो किंमत वाढली की पाण्याची मागणी घटते. कशी घटेल? माणसाला लागतं तेवढं लागतंच ना?' यात डोकं न चालण्याचा काय संबंध? चांगलं चालतंय, पण स्थापत्य अभियंत्याचं चालतंय. तू शिकलीस त्या पुस्तकांत मागणी म्हणजे माणशी दररोज इतके लिटर, गुणिले लोकसंख्या. त्यावरून टाकी केवढी आणि जलवाहिनीचा व्यास किती ते ठरवायचं. ती एक संख्या असते. अर्थशास्त्रवाल्यांच्या लेखी मागणी ही एक संख्या नसतेच, ती रेघ असते: अमुक किमतीला लोक किती घेतील, तमुक किमतीला किती. त्यात पिण्याचं पाणी आलं तसं गाडी धुण्याचं आणि बागेचंही आलं. पिण्याचं फारसं हलणार नाही, बागेचं हलेल. तू चाळीस पानं त्या लेखकाशी भांडत होतीस आणि तो बिचारा वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता.

एका विषयातून दुसऱ्यात जाणारी माणसं अडतात ती बहुतेक वेळा इथेच. अवघड शब्द अडवत नाहीत. ते अनोळखी असतात, म्हणून आपण ते शोधतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. संख्याशास्त्रात 'लक्षणीय' फरक म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा फरक नव्हे. खरं तर फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता फार कमी आहे, इतकंच त्या शब्दात आहे. फरक स्वतः चिमूटभर असू शकतो. 'जोखीम' घे. फ्रँक नाईट या अर्थशास्त्रज्ञानं 1921 मध्ये जोखीम आणि अनिश्चितता वेगळी केली: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. बोलताना आपण दोन्ही एकाच मापात ओततो. म्हणून परक्या विषयाचं पुस्तक हातात घेतलंस की पहिला तास वाचनाला देऊ नकोस. वहीच्या एका पानावर ओळखीचे वाटणारे दहा-बारा शब्द लिही आणि लेखक ते कशासाठी वापरतो तेवढंच शोध.

आता शोधायचं कसं? पुस्तकाच्या शेवटून. शब्दसूची उघड. (तुझे बाबा कादंबरीचंही शेवटचं पान आधी वाचतात, हे मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. पण शास्त्राच्या पुस्तकाला तीच रीत लागू पडते.) अनुक्रमणिकेत लेखकाला काय सांगायचंय ते असतं, सूचीत तुला काय विचारायचंय ते सापडतं. सूची नुसती चाळलीस तरी पुस्तकाची नाडी कळते. एखाद्या शब्दापुढे पंधरा पानांचे आकडे आणि खाली पोटनोंदी असतील, तर लेखकाचा जीव तिथे आहे. तुला जे महत्त्वाचं वाटतं त्याची नोंदच नसेल, तर एक तर तो त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतो, नाहीतर त्याला त्याची पर्वा नाही. दोन्ही गोष्टी पाचशे पानं वाचण्याआधी कळलेल्या बऱ्या. 'अमुक पाहा' अशा उलटनोंदी दिसल्या तर खूश हो. दुसऱ्या नावानं शोधत येणारा माणूस सूची करणाऱ्यानं डोळ्यांपुढे ठेवला होता. आणि जाडजूड अभ्यासग्रंथाला सूचीच नसेल, तर माझ्या मनातून तो तिथेच निम्मा उतरतो.

तुझ्या कामाला एक पुस्तक पुरणार नाही, हेही आताच सांगते. पाणी हा तुझा विषय. पण ग्रंथालयात पाण्याचं कपाट नसतं. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं 1876 मध्ये पुस्तकांना क्रमांक देण्यासाठी दशांश वर्गीकरण काढलं ते वस्तूंचं नव्हे, विद्याशाखांचं. त्यामुळे रसायन म्हणून पाणी 546.22 ला, नद्या-तळ्यांचं शास्त्र 551.48 ला, संपत्ती म्हणून पाण्याचा विचार 333.91 ला, तुझी जलवाहिनी नि शुद्धीकरण 628.1 ला, आणि लोकांना पाणी पुरवण्याची सेवा 363.61 ला. कायदा आणखी कुठेतरी 340 च्या पोटात. एकच पाणी, चार कपाटांत आणि दोन मजल्यांवर. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. वाचकांना मी क्रमांकांच्या चिठ्ठ्या लिहून द्यायची आणि वर ड्यूईला मनातल्या मनात दोन शब्द सुनवायची. पुढे कळलं की अडचण त्यालाही दिसली होती. म्हणून त्यानं पहिल्या आवृत्तीतच क्रमांकांच्या तक्त्यांना सूची जोडली, जिच्यात एका विषयाखाली तो कुठेकुठे विखुरलाय ते एकत्र मिळतं. तिचा त्याला तक्त्यांहून जास्त अभिमान होता. बघ, फिरून पुन्हा सूचीच! गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. तो वेळ जितका चांगल्या सूचीनं वाचतो तितका इतर कशानं वाचताना मी पाहिलेला नाही.

पुस्तकांच्या जातींबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तक त्या विषयात आज काय मान्य आहे ते सांगतं आणि भांडणं झाकून ठेवतं. एका विषयाला वाहिलेला प्रबंधग्रंथ उलट, त्यातला माणूस भांडायलाच आलेला असतो. संपादित ग्रंथात दहा लेखकांचे दहा सूर, त्यातले दोन वाचावेत. हस्तपुस्तिका वाचायची नसतेच, कामाच्या वेळी उघडायची असते. तू तिसऱ्यांदा मेलीस ते पुस्तक मला प्रबंधग्रंथ वाटतंय. त्याच्याआधी एखादं सरळसोट पाठ्यपुस्तक हाताशी ठेव आणि लाज वाटू देऊ नकोस. पहिल्या वर्षाच्या मुलांचं पुस्तक मागायला आलेला अनुभवी डॉक्टर मी पाहिलाय. त्याला हिशेबशास्त्र शिकायचं होतं.

प्रस्तावना मात्र गाळू नकोस. हे पुस्तक कुणासाठी आहे, कुठून वाचावं, कोणती प्रकरणं सोडली तरी चालतील हे बहुतेक लेखक तिथे स्वतःच सांगून टाकतात, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. ऋणनिर्देशही बघ. हस्तलिखित कुणी वाचून दिलंय? सगळे एकाच विभागातले स्नेही असतील तर मी भुवई उंचावते.

आणि शीर्षकपानाची मागची बाजू. आवृत्ती, पुनर्मुद्रण, साल, सगळं तिथे असतं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. नवी आवृत्ती म्हणजे त्यात हात घातला. 2019 चं पुनर्मुद्रण हातात असेल आणि आवृत्ती 1998 ची असेल, तर तू 1998 चं पुस्तक वाचते आहेस. जुन्या पुस्तकाच्या आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या, शेवटी कधी एक्स दिसला तर गोंधळू नकोस, तो तपासणीचा अंक आहे आणि दहासाठी वापरतात. 2007 पासून क्रमांक तेरा अंकी झाला आणि तो एक्स गेला. वैद्यकशास्त्राची जुनी पुस्तकं तर दर आवृत्तीला कात टाकतात. हेन्री ग्रेचं शरीररचनेचं पुस्तक 1858 मध्ये आलं, तो 1861 मध्ये देवीच्या रोगानं गेला, आणि त्याच्या नावाची बेचाळिसावी आवृत्ती 2020 मध्ये निघाली. नाव त्याचं, हात किती जणांचे असतील!

आवृत्तीबद्दल मी एवढी कडक का, ते तुला कधी बोलले नाही. नोकरीत नवी असताना एका विद्यार्थ्यानं करकायद्याचं पुस्तक मागितलं. नवी आवृत्ती बाहेर गेलेली होती, मी मागची काढून दिली. 'थोडाफार फरक असेल,' असंही वर म्हटलं. कलमं बदलली होती. निकालानंतर तो आला, काही न बोलता पुस्तक मेजावर ठेवलं आणि गेला. मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर बाद पुस्तकं काढायच्या कामात मी कधी चालढकल केली नाही, जरी त्या कामानं दर वर्षी पोटात कालवायचं. चांगल्या बांधणीचं, समासात कुणीतरी पेन्सिलीनं बारीक टिपणं केलेलं पुस्तक रद्दीच्या ढिगावर टाकताना हात अडतोच. इतिहास, तत्त्वज्ञान, गणित यांतलं जुनं मी कधी सहजी टाकलं नाही. औषधांच्या मात्रा, कायदा, कर यांतलं मात्र डोळे मिटून टाकलं.

नवी आवृत्ती म्हणजे बरोबर, असंही नाही. तुला गुणसूत्रांची गोष्ट माहीत आहे का? थिओफिलस पेंटर या प्राणिशास्त्रज्ञानं 1923 मध्ये माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असल्याचं लिहिलं. नामवंत माणूस, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजलेलं. पुढची तीस वर्षं पुस्तकामागून पुस्तकं 48 छापत राहिली. 1955 च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये लुंड इथे जो हिन चिओ नावाच्या संशोधकानं नव्या पद्धतीनं पेशी पसरून पाहिल्या तर 46. त्यानं आणि आल्बर्ट लेव्हाननं ते 1956 मध्ये प्रसिद्ध केलं. मला या गोष्टीतली वेगळीच जागा चटका लावते. त्यांच्या त्या लेखातच आलंय, की आधी काही सहकारी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशी तपासत होते आणि 48 सापडेनात म्हणून त्यांनी काम तात्पुरतं थांबवलं होतं. त्यांच्या काचपट्ट्यांवर पुन्हा पुन्हा 46 च मोजली गेली होती! उत्तर डोळ्यांपुढे होतं आणि त्यांनी संशय घेतला तो स्वतःच्या मोजण्यावर.

त्या चुकीच्या पुस्तकांवर मी रागवत नाही. त्यांच्याजवळ जी तंत्रं होती त्यांत पेशीतला तो गुंता सुटा होत नव्हता. पण तू पाण्याच्या मोजणीची आकडेवारी रोज हाताळतेस, तुझ्या मोजमापात आणि छापील आकड्यात फरक पडला तर काम थांबवू नकोस. आधी त्या आकड्याची तळटीप गाठ. तिथून ज्या पुस्तकाचा हवाला दिलाय ते गाठ. ते तिसऱ्याचा हवाला देईल. कधी मूळ मोजणी सापडेल, कधी एका आडाख्यावर सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे दिसतील. असं एकदा पाहिलंस की जाड बांधणीचा धाक आपोआप कमी होतो. धाक कमी करायला आणखी एक देते: ऑक्सफर्डमध्ये छापलेल्या पहिल्या पुस्तकावर सालच चुकलेलं आहे. 1478 चं पुस्तक, पण रोमन आकड्यांतला एक दहा गळला आणि छापलं गेलं 1468.

तर चाळिसावं पान तूर्त बंद कर. सूचीत 'मागणी' काढ, तिच्याखालच्या पोटनोंदी बघ, त्यात 'लवचिकता', म्हणजे किंमत बदलली की मागणी किती हलते ते, असेलच. ती दोन-तीन पानं आधी वाच. मग बागेच्या पाण्याचं काय होतं ते मला लिही. आणि शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आजच पाठव. ते पुस्तक कितवी आवृत्ती आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझी,
आई